सांधलेलं भांडं सांधलेलं म्हणूनच विका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या चिनी मातीच्या भांड्यांच्या आणि चित्रांच्या लिलावांवरचा लेख वाचला. 2014 साली हाँगकाँगमध्ये 28 कोटी 12 लाख हाँगकाँग डॉलरला गेलेला कोंबड्यांच्या चित्राचा इवलासा कप त्यात आला. 2017 मध्ये त्याच शहरात 29 कोटी 43 लाखांना गेलेलं, चीनमधल्या रू भट्टीचं कुंचले धुण्याचं भांडंही आलं. बोली कशी चढत गेली, हातोडा केव्हा पडला, सगळं आलं. माझं आयुष्य ज्या कामात गेलं ते मात्र त्यात कुठेच नव्हतं. विकायला आलेलं भांडं कधी फुटलं होतं का, ते कुणी आणि कशाने सांधलं, आणि घेणाऱ्याला हे कुणी सांगितलं का, एवढं तरी विचारायला हवं होतं. म्हणून हे पत्र. लांबलं आहे याची कल्पना आहे, पण थोडक्यात सांगण्यासारखी गोष्ट नाही.

मी गेली 31 वर्षं फुटलेली चिनी माती सांधते. बशा, चहादाण्या, सूपची झाकणवाली मोठी भांडी, फुलदाण्या, हात तुटलेल्या छोट्या मूर्ती, असं सगळं माझ्या टेबलावर येऊन गेलं आहे. काही संग्रहालयांचं होतं, काही घरोघरच्या कपाटांतलं, आणि बरंचसं लिलावाला जायच्या वाटेवर असलेलं. एका बशीची हकीकत सांगते, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल.

साधारण 40 सेंटिमीटर व्यासाची, निळ्या-पांढऱ्या पोर्सलेनची मोठी बशी होती ती. 18व्या शतकात चीनमधून युरोपसाठी जहाजं भरभरून माल जात असे, त्यातली. मधोमध नदी, काठावर वाकलेलं झाड आणि होडी वल्हवणारा एक माणूस. वल्ह्याच्या टोकापाशी झिलईत सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं. भट्टीत हवेचा बुडबुडा फुटून अशी भोकं पडतात, तो दोष मानत नाहीत. बशी कधीतरी फुटून तिचे तीन तुकडे झाले होते आणि ते 11 टाक्यांनी जोडलेले होते.

टाके म्हणजे खरोखरचे टाके. चांगले चिकटद्रव्य हाताशी नव्हतं त्या काळी भांडी अशीच सांधत. तडा गेलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, मागच्या अंगाने, हिऱ्याचं टोक बसवलेल्या सामत्याने एकेक भोक पाडायचं. भोक आरपार जाता कामा नये. बशीची जाडी जेमतेम चार-पाच मिलिमीटर, त्यात निम्म्यावर थांबायचं, आणि भोकं एकमेकांकडे किंचित तिरकी ठेवायची. मग पितळी किंवा लोखंडी तारेचा छोटा कंस तापवून त्यात बसवायचा. तार निवली की आकसते आणि दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढून धरते. पुढून पाहिलं तर फक्त एक बारीक रेघ दिसते. मागून पाहिलं की टाक्यांची रांग, शस्त्रक्रियेनंतर पोटावर दिसते तशी. असं सांधलेल्या भांड्यांत पुढे शंभर-शंभर वर्षं लोक जेवले आहेत. हे काम करणाऱ्या कारागिराचं नाव कुठेही लिहिलेलं नसतं. त्याचा हात मात्र त्या टाक्यांच्या अंतरात दिसतो. या बशीवरचे टाके इतके समांतर होते की मी मोजपट्टी लावून पाहिली. दोन टाक्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक कुठेच नव्हता.

एक टाका गंजून सैल झाला होता आणि तड्यात जुना काळा मळ बसला होता. मालकांचं म्हणणं सरळ होतं. टाके काढा, भोकं बुजवा, ही फुटली होती हे कुणाच्या बापाला कळता कामा नये. मी नाही म्हटलं. तडा साफ केला, आत पातळ राळ सोडली, काठाचा एक टवका गेला होता तेवढाच भरला आणि रंगवला. दहा टाके जागच्या जागी राहिले. अकरावा, गंजलेला, साफ करतानाच हातात आला. तो मालकांना नको होता. मी तो कागदाच्या पुडीत घालून वर क्रमांक लिहून ठेवला. काय केलं, काय वापरलं, काय काढलं याचा दोन पानी वृत्तांत आणि सहा छायाचित्रं मालकांना दिली, एक प्रत माझ्याकडे ठेवली.

चार वर्षांनी एका लिलावगृहाच्या कॅटलॉगमध्ये ती बशी दिसली. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका लिलावगृहाचा नाही. वल्ह्याच्या टोकापाशी ते भोक होतं, म्हणून ओळखली. छायाचित्र फक्त पुढच्या बाजूचं. खाली काळ, माप, अंदाजे किंमत, आणि स्थितीपुढे लिहिलं होतं: उत्तम, वापराच्या किरकोळ खुणा.

लिलावाआधी वस्तू पाहायला ठेवतात त्या दिवशी मी गेले. बशी उलटी करून हातात घेतली. टाके नव्हते. मागची बाजू गुळगुळीत, पांढरीशुभ्र. बोट फिरवलं तर पोर्सलेन थंड लागतं आणि राळेचा थर त्यामानाने उबदार. तड्याच्या दोन्ही बाजूंना चार बोटं रुंदीचा तो उबदार पट्टा लागत होता. पिशवीतला अतिनील दिवा काढला आणि तिथल्या माणसाला खोलीतला प्रकाश कमी करायची विनंती केली. अंधारात पोर्सलेन गडद जांभळं दिसत होतं आणि त्यावर दोन-दोनच्या जोड्यांनी दुधट ठिपके उजळले. मी मोजले. 22.

अकरा टाक्यांची बावीस भोकं.

तिथल्या बाई वागायला चांगल्या होत्या. त्यांनी वरिष्ठांना विचारलं आणि परत येऊन सांगितलं की ज्यांनी वस्तू विकायला दिली त्यांनी दुरुस्तीबद्दल काही कळवलेलं नाही. मग विक्रीच्या अटींवर बोट ठेवलं: कॅटलॉगमध्ये स्थितीचा उल्लेख नसला म्हणजे वस्तू चांगल्या स्थितीत आहे असा अर्थ होत नाही, वस्तू आहे त्या स्थितीत विकली जाते, खात्री घेणाऱ्याने करून घ्यावी. जगभरातल्या बहुतेक लिलावगृहांच्या अटींत या अर्थाचं वाक्य असतंच. कायद्याने ते बरोबरही असेल. पण इथे उल्लेख नव्हता असं नाही. उल्लेख होता आणि तो खोटा होता. मी लेखी कळवलं, छायाचित्रांच्या प्रती जोडल्या. उत्तर आलं ते लिलाव होऊन गेल्यावर. बशी वरच्या अंदाजाच्याही पुढे गेली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. या धंद्यात ते अक्षरशः खरं होऊन बसलं आहे, आणि मला त्याचाच संताप येतो. टाके होते तोवर बशी स्वस्त होती. कुणीतरी ते उपटले, भोकांत पुटी भरली, वरून रंगाचा फवारा मारला आणि ती महाग झाली. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका निष्णात कारागिराचं काम नष्ट केलं म्हणून किंमत वाढली. हे उलटं व्हायला हवं होतं.

इथे थोडं तंत्र सांगायला हवं, नाहीतर काही वाचक म्हणतील की छान दुरुस्त झाली ना, मग बिघडलं काय. पोर्सलेन भट्टीत साधारण 1300 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलं जातं. त्यावरची झिलई म्हणजे काच, आणि ती काच अंगाशी एकजीव झालेली असते. दुरुस्ती करणाऱ्याला ती पुन्हा निर्माण करता येत नाही. जुनं भांडं पुन्हा भट्टीत घातलं तर त्यावर काळे ठिपके येतात, फुगे येतात, कधी ते दोन तुकडे होऊनच बाहेर येतं. म्हणून आम्ही जे लावतो ते सगळं थंड असतं: राळ, पुटी, रंग, वार्निश. भट्टीतल्या काचेपुढे ते मऊ. त्यावर ओरखडा पडतो, आणि काही वर्षांत ते पिवळं पडतं. आज जी दुरुस्ती डोळ्याला दिसत नाही ती वीस वर्षांनी चहाच्या डागासारखी दिसू लागते. ती काढायची तर रसायन लावावं लागतं, आणि खाली काय वापरलं आहे ते माहीत नसेल तर पुढचा माणूस आंधळ्यासारखा काम करतो. सोन्याचा मुलामा आणि झिलईवरची रंगीत नक्षी अशाच वेळी पुसली जाते. मातीच्या सच्छिद्र भांड्याला आम्ही अॅसिटोनमध्ये विरघळणारी अॅक्रिलिक राळ वापरतो, म्हणजे उद्या ती सोडवता येते. पोर्सलेनच्या घट्ट सांध्याला बहुधा इपॉक्सी लागतं आणि ते सहजी सुटत नाही. काय लावलं हे कागदावर असेल तर निम्मं काम सोपं होतं.

पोर्टलंड फुलदाणीची गोष्ट या बाबतीत मी प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला सांगते. ती चिनी मातीची नाही, रोमन काळातली काचेची आहे, पण धडा तोच. 7 फेब्रुवारी 1845 रोजी ब्रिटिश म्युझियममध्ये एका माणसाने ती फोडली. त्याच वर्षी संग्रहालयाच्या जॉन डबलडे यांनी ती सांधली, आणि 37 बारीक कपच्या उरल्या, त्यांची जागा त्यांना सापडली नाही. 1948 मध्ये जुने सांधे कमकुवत झाले म्हणून ती सोडवून पुन्हा जोडली. तेव्हा त्या 37 पैकी फक्त तीन बसल्या. 1988-89 मध्ये पुन्हा सोडवली, नवं चिकटद्रव्य वापरलं, आणि तेव्हा कुठे उरलेल्यांपैकी जवळपास सगळ्या कपच्या जागेवर गेल्या. जागा न मिळालेल्या कपच्या कुणी फेकून दिल्या नाहीत, आणि आधीच्या माणसाने काय केलं ते पुढच्याला ठाऊक होतं, म्हणून हे झालं. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये 2006 साली एका पाहुण्याचा जिन्यात तोल गेला आणि चीनच्या चिंग राजवटीतल्या तीन मोठ्या फुलदाण्या फुटल्या. संग्रहालयाने त्या सांधून घेतल्या आणि ही गोष्ट लपवली नाही, उलट लोकांसमोर मांडली. त्या फुलदाण्यांचा मान त्यामुळे कमी झालेला नाही.

जपानमधलं एक भांडं तर मला देवघरातल्या मूर्तीसारखं वाटतं. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात चीनमधल्या लाँगच्युआन भट्टीचा फिकट हिरवा वाडगा आहे, दक्षिण सुंग राजवटीतला. त्याचं नाव बाकोहान. परंपरेने सांगतात की तो शोगुन, म्हणजे जपानचे लष्करी शासक, आशिकागा योशिमासा यांच्याकडे होता. बुडाशी तडा गेला तेव्हा त्यांनी तो चीनला पाठवला आणि असाच दुसरा मिळेल का म्हणून विचारलं. चीनमधून उत्तर आलं की असा आता होत नाही. तडा टाके घालून बंद केला आणि तोच वाडगा परत पाठवला. बाहेरच्या अंगावरचे ते टाके कुणाला टोळ बसल्यासारखे दिसले, आणि नावही त्यावरूनच पडलं. आज ते भांडं त्या टाक्यांसाठी ओळखलं जातं. कुणी ते उपटून भोकं बुजवली असती तर काय राहिलं असतं, विचार करून पाहा.

लाख आणि सोन्याची पूड वापरून सांधायची जपानी पद्धत, किंत्सुगी, अलीकडे सगळ्यांना माहीत झाली आहे. लिलावात अशी भांडी आली की सोनेरी रेघेचं मोठं छायाचित्र छापतात. मला त्यात आनंदच आहे. पण जो मान सोन्याच्या रेघेला मिळतो तो लोखंडी टाक्याला का मिळू नये? दोन्ही एकच सांगतात: हे फुटलं होतं, आणि कुणाला तरी ते टाकवलं नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल लिहिते, कारण ते न लिहिता दुसऱ्यांकडे बोट दाखवणं बरं नाही. पहिली पाच-सहा वर्षं मी ग्राहक म्हणेल तसं करत होते. जोड दिसता कामा नये म्हटलं की दिसू देत नव्हते, आणि त्याचा अभिमान होता. जर्मनीतल्या माइसेन कारखान्याच्या एका कॉफीपात्राच्या मुठीला केसाएवढा तडा होता. तो झाकायला मी मूठच काय, अर्धं पोटही रंगाने झाकलं, कारण रंग कुठे संपतो ते दिसू नये म्हणून तो लांबवर विरवत न्यावा लागतो. दोन सेंटिमीटरच्या तड्यासाठी तळहाताएवढा चांगला पृष्ठभाग मी माझ्या रंगाखाली गाडला. त्यात एका फुलाची पाकळी होती, माइसेनच्या चित्रकाराने काढलेली. त्यावरून मी माझी पाकळी काढली. ज्या बाईंच्या हाताखाली मी शिकले त्यांनी ते पाहिलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी दिव्याखाली ते भांडं धरलं, मला तो डाग दाखवला आणि विचारलं, “ही पाकळी कुणाची?” मला उत्तर देता आलं नाही. तो रंग मी दुसऱ्या दिवसापासून कापसाच्या बोळ्याने काढायला बसले. तीन दिवस लागले. त्यानंतर भरलेल्या टवक्याच्या हद्दीबाहेर माझा कुंचला गेलेला नाही.

माइसेनचं नाव निघालं म्हणून आणखी एक सांगते. जर्मन किमयागार बेटगर यांना 1708-09 च्या सुमारास खऱ्या पोर्सलेनचं गुपित उलगडलं, 1710 मध्ये कारखाना सुरू झाला, आणि 1720 च्या दशकात तलवारींची फुली हे चिन्ह आलं. तेव्हापासून आजवर लोक बशी उलटी करतात ती फक्त ते चिन्ह पाहायला. चिनी भांड्यांचं तसंच. बुडावर सहा अक्षरी राजमुद्रा दिसली की डोळे विस्फारतात. खरं तर कांग्शी बादशहाच्या काळातल्या कारागिरांनी दोनशे वर्षं आधीच्या चेंगह्वा बादशहाची मुद्रा आपल्या भांड्यांवर बिनदिक्कत घातली आहे, आणि 1677 मध्ये तर जिंगदेझेन या चिनी भांड्यांच्या मोठ्या केंद्राच्या अधिकाऱ्याने चालू बादशहाची मुद्रा घालायलाच बंदी केली होती. चिन्ह पाहा, जरूर पाहा, पण बशी उलटी केलीच आहे तर सांधाही पाहा. टिचकी मारा. अखंड पोर्सलेन घंटेसारखं वाजतं, तडा असला की आवाज बद्द येतो. काठावरून नख फिरवा, रंगवलेल्या जागी ते अडखळतं. दिवा सोबत ठेवा, पण हल्लीचे काही रंग दिव्याखालीही उजळत नाहीत, तेव्हा एकट्या दिव्यावर विसंबू नका.

जेवणाच्या मोठ्या संचांबद्दलही हेच. वेजवूड या इंग्लिश कारखान्याने रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनसाठी 1773-74 मध्ये 952 नगांचा संच केला, प्रत्येक नगावर हिरवा बेडूक आणि ब्रिटनमधली वेगवेगळी दृश्यं. असे संच जवळजवळ पूर्ण टिकणं विरळा. बहुतेक संच वाटण्यांमध्ये फुटतात, झाकण एकाकडे जातं आणि भांडं दुसरीकडे. मग कुणीतरी भलत्याच भांड्याला भलतंच झाकण घालतं आणि जोडी म्हणून विकतं. हे झाकण मूळचं नाही, एवढे चार शब्द छापायला शाई किती लागते? सुरीच्या रेघांचंही सांगायला हवं. जुन्या ताटाच्या मध्यावर बारीक रेघांचं जाळं असतं, तिरप्या उजेडात ते स्पष्ट दिसतं. कुणीतरी त्यात मांस कापून खाल्लं, वर्षानुवर्षं. ताट जेवणासाठी होतं आणि त्यात लोक जेवले, याचा तो पुरावा आहे. या रेघाही हल्ली थंड वार्निशखाली झाकतात, ताट नवं दिसावं म्हणून. दोनशे वर्षांचं ताट नवं दिसण्यात कसली थोरवी?

चित्रांच्या बाबतीत निदान वाद तरी जाहीरपणे होतो. साल्वातोर मुंदी हे अक्रोडाच्या फळीवरचं चित्र 1958 साली लंडनच्या लिलावात 45 पौंडांना गेलं, लिओनार्दोच्या शिष्याच्या नावावर. 15 नोव्हेंबर 2017 रोजी न्यूयॉर्कमध्ये ते लिओनार्दोचं म्हणून 45 कोटी 3 लाख डॉलरला गेलं. मधल्या काळात फळीचा तडा सांधला गेला, जुना रंग उतरवला, गेलेल्या जागा रंगवल्या. त्यातलं किती मूळचं आणि किती दुरुस्तीचं यावर आजही जाणकार भांडतात. पण त्यांना भांडता येतं, कारण जुना रंग उतरवल्यावरच्या अवस्थेचं छायाचित्र उपलब्ध आहे. चित्रांच्या कॅटलॉगमध्ये शब्दही मोजून वापरतात. अमुकचं, अमुकचं मानलं जाणारं, अमुकच्या चित्रशाळेतलं, अमुकच्या शैलीतलं, अमुकवरून केलेलं: प्रत्येक शब्दाचा अर्थ अटींमध्ये दिलेला असतो. भांड्यांच्या दुरुस्तीसाठी अशी ठरलेली शब्दांची पायरी का असू नये? टवका, केसाएवढा तडा, भट्टीतला तडा, सांधलेलं, भाग नव्याने घडवलेला, रंगाने झाकलेलं. सहा शब्द. यातला भट्टीतला तडा हा दोष नाही, तो जन्मखूण आहे, आणि फुटल्याचा तडा वेगळा. दोन्ही एकाच शब्दात ढकलले की घेणारा फसतो आणि कधीकधी विकणाराही.

लिलावगृहांची अडचण मला कळते. एका दिवसात चारशे लॉट निघतात, प्रत्येक वस्तू दिव्याखाली धरायला माणसं नाहीत. पण 1975 पासून मोठ्या लिलावगृहांनी घेणाऱ्याकडूनही वरची टक्केवारी घ्यायला सुरुवात केली आणि आज ती सर्वत्र रूढ आहे. घेणाराही पैसे मोजतो तर त्याच्या बाजूनेही कुणीतरी पाहायला हवं. माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक भांड्याच्या मागच्या बाजूचं आणि बुडाचं छायाचित्र पुढच्याइतक्याच आकाराचं छापा. वस्तू विकायला देणाऱ्याला लेखी विचारा की ही दुरुस्त केली आहे का, आणि तो जे सांगेल ते जसंच्या तसं छापा. दुरुस्तीचा वृत्तांत असेल तर तो वस्तूबरोबर नव्या मालकाकडे जाऊ द्या, जुनी पावती जाते तसा. आणि जे माझ्यासारखं काम करतात त्यांना एक सांगणं आहे: ग्राहकाने कितीही पैसे देऊ केले तरी जुने टाके उपटू नका. ते सैल झाले असतील तर आधार द्या, गंजले असतील तर गंज थांबवा. ते काम आपल्या आधीच्या माणसाचं आहे, आपल्याला पुसायचा अधिकार नाही.

घेणाऱ्यांनाही एक विनंती. सांधलेलं भांडं टाकाऊ समजू नका. तुम्हीच अखंड, अखंड म्हणत बसलात तर विकणारा ते अखंड करून दाखवणारच. सांधलेलं भांडं सांधलेल्या भावात घ्या, हातात धरा, मागून पाहा. मला विचाराल तर माझ्या घरी जी चार जुनी भांडी आहेत ती चारही टाक्यांची आहेत.

त्या निळ्या-पांढऱ्या बशीचा नवा मालक कोण, मला माहीत नाही. ते हे पत्र वाचत असतील तर खूण सांगून ठेवते: होडीतल्या माणसाच्या वल्ह्याच्या टोकापाशी झिलईत सुईएवढं भोक आहे. माझ्याकडे त्यांच्या बशीची सहा छायाचित्रं आहेत, दोन पानांचा वृत्तांत आहे, आणि कागदाच्या पुडीत एक गंजलेला टाका आहे. मागच्या पांढऱ्या रंगाखाली बुजवलेल्या दोन भोकांमधलं अंतर मी मोजून ठेवलेलं आहे, तो नेमका कुठला ते दाखवता येईल. आपल्या कार्यालयामार्फत त्यांनी निरोप पाठवला तर मी हे सगळं त्यांच्या हवाली करीन, काहीही न घेता.

कळावे.

आपली नम्र,
एक वाचक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये)